२५ मिलिमीटर म्हणजे नेमके किती?

भाची इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. काल तिने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, मग ड्रॉइंग शिकायचं कशाला?" फॉरवर्डचं म्हणणं असं: कॅड (संगणकावर ड्रॉइंग आणि मॉडेल करण्याचं सॉफ्टवेअर) आलं, इंजिनिअरिंग ड्रॉइंग संपलं. व्ह्यू (वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी कशी दिसते ती चित्रं) सॉफ्टवेअर काढतं, टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ती मर्यादा) सॉफ्टवेअर देतं, मॉडेल थेट मशीनवर जातं.

"टॉलरन्स सॉफ्टवेअर देतं" हे तर धडधडीत खोटं आहे. मॉडेलमध्ये शाफ्ट (गोल दांडा) २५ मिमी, तो ज्यात बसतो ते भोकही २५ मिमी. स्क्रीनवर दोन्ही छान बसतात. आता आयएसओ २८६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तक्ता उघडा. त्यात एक अक्षर आणि एक आकडा मिळून मापाची मर्यादा ठरते. भोक एच७ असेल तर २५.००० ते २५.०२१. शाफ्ट जी६ केला तर २४.९८० ते २४.९९३, म्हणजे हाताने आत सरकेल आणि फिरेल. तोच पी६ केला तर २५.०२२ ते २५.०३५, म्हणजे प्रेसवर दाबूनच बसवावा लागेल. स्क्रीनवरचं चित्र दोन्ही वेळी एकच! शाफ्ट फिरायला हवा की घट्ट बसायला हवा, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार? आकडे ते चटकन भरतं, कबूल. पण जी की पी हे तुम्ही निवडल्यावर. काहीच निवडलं नाही आणि टेम्प्लेटमध्ये जनरल टॉलरन्स (ज्या मापापुढे वेगळं काही लिहिलेलं नाही त्याला लागू होणारा) ±०.२ असला, तर २४.८ चा शाफ्टही पास आणि २५.२ चाही. मग असेंब्लीवाल्याने काय करायचं?

व्ह्यू सॉफ्टवेअर काढतं, पण सेक्शन (आतला भाग दाखवणारा छेद) कुठून घ्यायचा हे आपणच सांगतो. शिवाय व्ह्यू मांडायच्या दोन पद्धती आहेत: डावीकडून दिसणारा व्ह्यू फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडे ठेवतात, थर्ड अँगलमध्ये डावीकडे. फर्स्ट अँगलचं ड्रॉइंग थर्ड अँगल समजून वाचलं की डाव्या बाजूची खाच उजवीकडे जाते. असे ब्रॅकेट भंगारात जाताना मी पाहिलेत. टायटल ब्लॉकजवळचं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीजवळचं), पद्धत कोणती ते सांगणारं कापलेल्या शंकूचं चिन्ह कुणी बघितलंच नव्हतं.

मॉडेल थेट मशीनवर जातं, हे अर्धं खरं. एएसएमई वाय१४.४१ हे अमेरिकन मानक २००३ मध्ये आलं. त्यानुसार टॉलरन्स थ्रीडी मॉडेलवरच देता येतात. पण तिथेही डेटम (मापं जिथून धरायची तो आधार) ठरवावाच लागतो आणि चिन्हं वाचता यावीच लागतात.

सुबक अक्षरं गिरवण्यात आणि एकच एलिप्स (लंबवर्तुळ) तीन-चार पद्धतींनी काढण्यात तास जातात, ते कमी करा. त्याला माझी ना नाही.

भाचीला एवढंच कळवलं: कॅडमध्ये २५ चा शाफ्ट आणि त्याचा बुश (शाफ्ट ज्यात बसतो ती नळी) काढ. शाफ्ट बुशमध्ये फिरायला हवा. आता मापापुढे काय लिहिशील ते मला पाठव.