सही आधी, शिक्षा नंतर

परवा फॅमिली ग्रुपवर साताऱ्याच्या दादाने, तो तिकडे कोर्टात वकिली करतो, लिहिलं की आपल्याकडेही अमेरिकेसारखं प्ली बार्गेनिंग जोरात चालू झालं पाहिजे, आरोपीने गुन्हा कबूल करायचा, शिक्षा कमी पदरात पाडून घ्यायची, अपिलाचा हक्क सोडायचा, म्हणजे वर्षानुवर्षं पडलेल्या केसेस निघतील. दादा, तुझी तळमळ कळते रे, पण मी इथे न्यू जर्सीत जे बघितलंय ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

इथे फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात दोषी ठरणाऱ्यांपैकी ९७ टक्के लोक गुन्हा कबूल करूनच दोषी ठरतात, हा आकडा २०१२ साली इथल्या सुप्रीम कोर्टानेच निकालात लिहिलाय. त्या कबुलीच्या करारात पुष्कळदा कलम असतं की शिक्षेविरुद्ध अपील करणार नाही. ओळखीतल्या एका मराठी काकांसोबत मी कोर्टात गेले होते. जजने ते कलम समजावलं, कळलं का विचारलं, तसं विचारणं इथे नियमानेच सक्तीचं आहे, आणि काका दरवेळी येस युअर ऑनर म्हणत गेले. पण शिक्षा किती होणार हे त्या दिवशी कोणालाच माहीत नव्हतं! ती काही महिन्यांनी सुनावली, वकिलाच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त. गाडीत काकू सारख्या विचारत होत्या, वरच्या कोर्टात जाता येईल ना गं? मला उत्तर देता आलं नाही.

२०१९ मध्ये इथल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशी सही केली तरी सगळीच दारं बंद होत नाहीत, अशील अपील कर म्हणाला तर वकिलाने ते दाखल करायलाच हवं. पण उरलेली फट फार बारीक आहे.

आता आपल्याकडचं बघ. २००६ पासून प्ली बार्गेनिंगचा कायदा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना, बायका आणि लहान मुलांवरचे गुन्हे वगळून. न्यायाधीश आरोपीशी एकट्याने बोलून स्वखुशीने करतोय ना हे तपासतात, ही गोष्ट मला इथल्यापेक्षा चांगली वाटते. पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले चालवायच्या कायद्याच्या, कलम २९५ प्रमाणे तो निकाल अंतिम, पुढे फक्त हायकोर्टात रिट अर्ज नाहीतर दिल्लीला सुप्रीम कोर्टाची खास परवानगी, म्हणजे स्पेशल लीव्ह, मागायची. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की खालच्या कोर्टात सौदा न करता नुसता गुन्हा कबूल केला तर कलम ४१६ प्रमाणे शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा आहे म्हणून अपील करता येतं, सौदा केला की तेही गेलं.

आपल्या तुरुंगांत चारातले तीन जण अजून कच्चे कैदी आहेत. जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत बसलेला माणूस घरी जायला मिळतंय म्हटल्यावर कशावरही सही करेल, मग नोकरीला, पासपोर्टला तो ठपका आडवा येईल तेव्हा त्याने कुणाकडे जायचं?

केसेस निघू देत, माझी ना नाही. फक्त शिक्षेपुरतं अपील तरी ठेवा. तुझ्या बारच्या, वकील संघटनेच्या, मीटिंगमध्ये एवढं मांडशील का दादा?