कॅस्केडियाचा ताण म्हणे हळूहळू निघून जातो!

कॅस्केडिया म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा पट्टा, जिथे समुद्राखालची हुआन दे फुका प्लेट खंडाच्या प्लेटखाली शिरते. तिथल्या, म्हणजे सिएटल-व्हँकूव्हरकडच्या आपल्या मंडळींना धीर देणारा एक दावा बराच फिरतो: ‘तिथे दर १४ महिन्यांनी स्लो स्लिप होते. समुद्राचं पाणी फटींतून खाली मुरतं, तेलासारखं काम करतं, प्लेट अलगद सरकते आणि ताण निघून जातो. मोठा भूकंप टळला!’ स्लो स्लिप, म्हणजे धक्का न देता काही आठवडे चालणारी प्लेटांची मंद सरक, होते, हे खरं. बाकीचं एकेक करून पाहू.

‘पाणी फटींतून मुरतं.’ अर्धवट खरं. हुआन दे फुका प्लेट समुद्रतळाशी पाणी शोषते, पण ३०-४० किलोमीटर खोलवर जे पोचतं ते बहुतेक खनिजांत बांधलेलं असतं. उष्णता आणि दाब वाढले की ती खनिजं मोडतात आणि पाणी तिथेच सुटतं. कोयनेत जलाशयाच्या पाण्याचा दाब वरून खाली पोचतो. इथे पाणी खडकाबरोबरच खाली जातं, म्हणून कोयनेचा दाखला जसाच्या तसा लावू नये.

‘तेलासारखं काम करतं.’ सगळ्यात मोठा घोळ इथे आहे. पाण्याने खडक बुळबुळीत होतो असं नाही. वरच्या खडकाचं वजन दोन प्लेटांना एकमेकींवर दाबतं, तर छिद्रांत कोंडलेलं पाणी त्यांना उलट रेटतं. या वजाबाकीतून जो दाब उरतो, त्यावर घर्षण ठरतं. हबर्ट आणि रुबी या भूशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हे मांडलं. कॅस्केडियात भूकंपलहरींच्या वेगांवरून दिसतं की पाण्याचा दाब जवळपास वरच्या खडकाच्या भाराइतका आहे. याहून बोलका पुरावा भरती-ओहोटीचा. स्लो स्लिपबरोबर जो बारीक कंप चालतो, तो भरती-ओहोटीबरोबर कमी-जास्त होतो. भरतीमुळे तिथे पडणारा ताण जेमतेम काही किलोपास्कल, आणि वरच्या खडकाचा भार सुमारे दहा लाख किलोपास्कल! एवढ्याशाने फरक पडतो, म्हणजे ते दोन पृष्ठभाग किती हलके टेकलेले असतील बघा.

‘ताण निघून जातो.’ कुठला? स्लो स्लिप होते खाली. दोन प्लेटा जिथे एकमेकींत घट्ट अडकल्यात आणि मोठ्या भूकंपाचा ताण साठतो, तो भाग आहे त्याच्या वर, बराचसा समुद्राखाली. व्हँकूव्हरजवळच्या व्हिक्टोरियाचं जीपीएस स्टेशन एरवी पूर्वेकडे ढकललं जातं, स्लो स्लिपच्या दोन-तीन आठवड्यांत काही मिलिमीटर पश्चिमेला येतं, मग परत तीच वाट धरतं. कपाट जिन्यावरून नेताना एकाने हात सैल सोडला तर भार दुसऱ्यावर येतो, तसा खालचा भाग सरकला की वरच्या अडकलेल्या भागावरचा ताण थोडा वाढतोच. तो भाग शेवटचा सुटला २६ जानेवारी १७०० रोजी. तीव्रता सुमारे ९, त्सुनामी थेट जपानपर्यंत गेली आणि तिथे तिची नोंदही झाली. तेव्हापासून वर्षाला साधारण ४ सेंटिमीटर धरले, तर पूर्ण अडकलेल्या जागी सुमारे १३ मीटरची सरक बाकी आहे.

मग उलटा सूर निघतो: ‘स्लो स्लिप दिसली की मोठा भूकंप आलाच!’ २०११ च्या तोहोकू भूकंपाआधी आणि २०१४ मध्ये चिलीतल्या इकिकेच्या भूकंपाआधी मंद सरक दिसली होती, हे मान्य. पण कॅस्केडियात १९९० च्या दशकापासूनच्या नोंदींत अशा कितीतरी स्लो स्लिप येऊन गेल्या, आणि एकीपाठोपाठही प्लेटांच्या सीमेवरचा तो मोठा भूकंप आला नाही.