झिरोच्या बल्बमुळे चष्मा लागत नाही

दोन वर्षांखालील मूल दिव्याच्या उजेडात झोपले तर त्याला हमखास चष्मा लागतो, असा मजकूर आमच्या गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असून, तो वाचून काहींनी ऐन पावसाळ्यात झिरोचा बल्ब काढून ठेवला आहे. हा दावा चुकीचा आहे.

त्याचे मूळ १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतील अभ्यासात आहे. अंधारात झोपलेल्यांपैकी १० टक्के, मंद दिव्यात ३४ टक्के, तर मोठ्या दिव्यात झोपलेल्यांपैकी ५५ टक्के मुलांत लघुदृष्टी, म्हणजे दूरचे कमी दिसणे, आढळली होती. मात्र २००० साली त्याच नियतकालिकात आलेल्या दोन अभ्यासांत असा संबंध आढळला नाही; उलट, ज्यांना स्वतःला दूरचे कमी दिसते असे आईवडीलच मुलांच्या खोलीत दिवा अधिक लावतात, असे दिसले, आणि लघुदृष्टी बऱ्याच अंशी आनुवंशिक असते.

आपल्याकडे अंथरूण जमिनीवर असते, कवेलूच्या घरात भिंतीच्या फटीतून विंचू निघतो, आणि रात्री उठलेल्या आईला पाय कुठे पडतो हे दिसणे फार गरजेचे असते. तेव्हा बल्ब जरूर ठेवावा. फक्त तो पिवळा, मंद आणि मुलाच्या डोळ्यांवर न येणारा असावा. ट्यूबलाइट रात्रभर नको, कारण प्रखर उजेडाने मेलाटोनिन हे झोप आणणारे शरीरातले संप्रेरक कमी होऊन झोप बिघडते.

चष्म्याची काळजी असेल तर मुलांना रोज उघड्यावर, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, खेळू द्यावे. त्याने लघुदृष्टीचा धोका कमी होतो. फळा वाचताना मूल डोळे बारीक करत असेल, तर त्याचे डोळे तपासून घ्यावेत.