गरिबांच्या मेंदूवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांस

तुम्ही श्रीमंत देशातल्या नामांकित विद्यापीठात प्राध्यापक आहात. प्रयोगशाळा आहे, पदवी आहे, पुरस्कार आहेत, फक्त अनुदान मिळेनासे झाले आहे, कारण तुमच्या विषयात तुमच्यासारखेच चारशे जण रांगेत उभे आहेत. मग इथे कशाला ताटकळता? नजर जरा लांब टाका. जगात अपस्माराचे सुमारे ५ कोटी रुग्ण आहेत आणि त्यांतले जवळपास ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) साडेपाच कोटींहून अधिक, त्यांतलेही ६० टक्क्यांवर तिकडेच. मेंदूविकाराचे तज्ज्ञ मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात श्रीमंत देशांत ७० पटींपर्यंत जास्त. म्हणजे रुग्ण तिकडे, डॉक्टर इकडे आणि मधे समुद्र. हा परिच्छेद जसाच्या तसा अर्जाच्या पहिल्या पानावर घाला. परीक्षकाला गलबलून आले पाहिजे. पुढची पाने तो तसाही चाळणारच आहे.

पैसे देणारेही आहेत. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये, म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेत, फॉगर्टी इंटरनॅशनल सेंटर नावाची, १९६८ साली स्थापन झालेली एक संस्था आहे. श्रीमंत आणि गरीब देशांतल्या संशोधकांनी मेंदूच्या आजारांवर मिळून काम करावे म्हणून ती या शतकाच्या सुरुवातीपासून एक योजना चालवत आली. आधी चाचपणीसाठी दोन वर्षांचे छोटे अनुदान, जम बसला तर पाच वर्षांपर्यंतचे मोठे. योजना तशी चांगल्या मनाने आखलेली आहे, आणि तिथेच तिची अडचण आहे: तिकडच्या देशात संशोधनाची क्षमता उभी राहिली पाहिजे, अशी तिची अपेक्षा असते. गांगरून जाऊ नका. दोन दिवसांची कार्यशाळा घ्या, सगळ्यांना प्रमाणपत्रे वाटा, शेवटी एक सामूहिक फोटो काढा. क्षमता उभी राहिली. फोटोत तर सगळेच उभे असतात.

आता भागीदार. पथ्य एकच: संशोधनाचा प्रश्न ठरला की मग भागीदार शोधायचा, आधी मुळीच नाही. आधी शोधलात तर त्याच्याजवळ त्याचे स्वतःचे प्रश्न निघतात, आणि ते फार गावंढळ असतात. तुम्ही त्याच्याशी जनुकांविषयी बोलावे, तर तो डुकरांविषयी बोलू लागतो. डुकराच्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेवाटे अन्नपाण्यात जातात, तिथून माणसाच्या पोटात आणि पुढे अळीच्या रूपात मेंदूत, मग फिट्स येतात. जिथे हा कृमी ठाण मांडून आहे तिथल्या सुमारे ३० टक्के अपस्माराचे मूळ हेच, असे तो सांगेल. मग संडास, मांसाची तपासणी, असले काहीतरी मागेल. संडासावरचा शोधनिबंध कुठल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर येणार?

असे लोक एकत्र जमले की काय होते याचा दाखलाही आहे. १९९८ साली कोचीच्या परिषदेत काही संशोधकांनी हिशेब मांडला की डिमेन्शियाचे दोनतृतीयांश, म्हणजे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि लोकसंख्येवर आधारित संशोधनातला त्यांचा वाटा १० टक्क्यांहूनही कमी. त्यांनी आपल्या गटाचे नावच १०/६६ ठेवले आणि ते त्या देशांत घरोघर जाऊन वृद्धांची पाहणी करू लागले. शाळा न शिकलेल्या आजीला डिमेन्शिया आहे की तिला तुमची चाचणीच कळत नाही, हे ठरवण्याची पद्धत त्यांनी बसवली. यात वर्षेच्या वर्षे जातात. तुम्हाला पदोन्नती हवी आहे ना?

तेव्हा भागीदाराला अर्जाच्या आदल्या रात्री ईमेल करा. पाठिंब्याच्या पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून जोडा; ‘या प्रकल्पात आमचा समान सहभाग आहे’ हे वाक्य त्यात जरूर असू द्या. त्याने फक्त लेटरहेडवर सही करायची. तो करतोही बिचारा, कारण त्याच्या वॉर्डातले मेंदूचा आलेख काढणारे ईईजी यंत्र बंद पडलेले असते आणि तुमच्या अर्जात नव्या यंत्राची एक ओळ असते.

नमुन्यांची चिंता नको. रक्ताच्या नळीला व्हिसा लागत नाही, तो ती भरणाऱ्या डॉक्टरला लागतो.

या बाबतीत माराकाइबोचा धडा गिरवण्यासारखा आहे. व्हेनेझुएलातल्या या सरोवराच्या काठी हंटिंग्टन रोगाची घराणीच्या घराणी आहेत. ऐन उमेदीत हातपाय आपोआप हलू लागतात, मग चालणे, बोलणे, विचार करणे एकेक करून जाते, आणि आईबापांपैकी एकाला रोग असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. अमेरिको नेग्रेते या तिथल्याच डॉक्टरांनी १९५०च्या दशकात हा रोग ओळखला आणि नोंदवून ठेवला. स्पॅनिशमध्ये. (नेग्रेतेंच्या चुका मोजायच्या तर इथून सुरुवात करावी.) १९७९पासून नॅन्सी वेक्सलर या संशोधिकेचे अमेरिकी पथक दरवर्षी तिथे जाऊ लागले. हजारो माणसांनी रक्त दिले, १८ हजारांहून अधिक जणांची वंशावळ जुळवली गेली. १९८३ साली जनुकाचा ठावठिकाणा लागला, १९९३ साली खुद्द जनुक सापडले. आज जगात कुठेही हंटिंग्टनची जनुकीय चाचणी होते ती या कोळ्यांच्या कुटुंबांच्या कृपेने. वेक्सलर यांनी तिथल्या रुग्णांसाठी बरीच धडपड केली, हेही खरे. पण धडपडीला अनुदानाच्या हिशेबात रकाना नसतो. हातपाय हलणे कमी करणाऱ्या औषधाला अमेरिकेत २००८ साली मान्यता मिळाली, ते तिथे चांगलेच महाग विकले गेले, आणि सरोवराकाठची घरे आहेत तशीच राहिली. तुम्ही यातले १९८३ आणि १९९३ एवढेच लक्षात ठेवा.

हिशेबाकडे वळू, कारण सहकार्य खरे तिथेच कळते. एनआयएचच्या पैशातून प्रशासनाचा वरखर्च म्हणून अमेरिकी विद्यापीठे ५० टक्के किंवा त्याहून अधिक दराने रक्कम उचलत आली. परदेशी संस्थेला मात्र ८ टक्के. तेवढ्यात तिने लेखापाल नेमावा, लेखापरीक्षण करवून घ्यावे आणि वीज गेली तर जनरेटरही चालवावा. लहान अर्थसंकल्प असेल तर अमेरिकी संस्थेने ठोक रकमा मांडल्या तरी चालते. परदेशी संस्थेने पै-पैचा तपशील द्यायचा. २०२४पासून आणखी एक नियम: अनुदानातला वाटा घेणाऱ्या परदेशी उपसंस्थेच्या प्रयोगशाळेतल्या वह्यांच्या प्रती वर्षातून किमान एकदा मुख्य संस्थेला पाहता आल्या पाहिजेत. आधीच्या मसुद्यात दर तीन महिन्यांनी म्हटले होते, ओरड झाल्यावर वर्षावर आले. तुमच्या वह्या त्यांना दाखवायची कटकट नियमात नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट कोणाचा हे आधीच ठरलेले बरे.

आणि समजा हे सगळे जमून आले, तरी मे २०२५सारखा महिना येऊ शकतो. एनआयएचने त्या महिन्यात जाहीर केले की नवी व्यवस्था लागेपर्यंत परदेशी संस्थांना उप-अनुदाने द्यायची नाहीत. पैसा कुठे जातो याचा माग नीट राहत नव्हता म्हणे. आठ टक्क्यांत माग ठेवायचा होता, हे मघाशी सांगितलेच. अशा वेळी भागीदाराला सहानुभूतीचा ईमेल पाठवा. तिकडच्या परिचारिकांचा पगार, नोंदवलेले रुग्ण, फ्रीझरमधले नमुने यांचे काय, असे तो विचारेल. उत्तरात लिहा की आपण परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवून आहात.

विषय निवडताना एक धोका टाळा: उत्तर सापडण्याचा. कोंझोचे पाहा ना. काँगोत १९३८ साली वर्णन झालेला हा आजार. कडू कसावा नीट न भिजवता खाल्ला की त्यातले सायनाइड बनवणारे द्रव्य शरीरात जाते आणि धडधाकट मुलाचे पाय एकाएकी कायमचे ताठरतात. दुष्काळात, युद्धात, जेव्हा कंद भिजवत ठेवायला फुरसत नसते तेव्हा हमखास. यावर उपाय निघाला तो असा: कसावाचे पीठ पाण्यात कालवायचे, पातळ थर पसरायचा आणि सावलीत पाच तास ठेवायचे. विष उडून जाते. काँगोच्या गावांतल्या बायकांनी तो करूनही दाखवला. ना स्कॅनर, ना पेटंट. असल्या उपायाने पुढचे अनुदान कसे मिळवणार? त्यापेक्षा ताठरलेल्या पायांच्या मुलांमध्ये कोणती जनुके असतात हे पाहणे सुरक्षित. त्याला अंत नाही.

अपस्मारातही हीच सावधगिरी. योग्य निदान आणि औषध मिळाले तर ७० टक्के रुग्ण फिट्सविना जगू शकतात, आणि औषधाचा खर्च वर्षाला अवघ्या ५ डॉलरांपर्यंत खाली येऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. फेनोबार्बिटल हे त्यातले औषध तर १९१२पासून वापरात आहे. तरी गरीब देशांतल्या सुमारे तीनचतुर्थांश रुग्णांना उपचार मिळत नाहीत. हे वाचून गोळ्या वाटत सुटू नका. गोळ्या वाटणे हे संशोधन नव्हे. संशोधनात गोळ्या वाटायच्या झाल्या तर अर्ध्यांनाच, आणि तेही प्रकल्प चालू असेपर्यंत.

पाच वर्षे संपतात. गोळ्या थांबतात, फिट्स परततात. हताश होण्याचे कारण नाही, हाच तुमचा पुढचा अर्ज: ‘उपचार अर्धवट सोडण्यामागील सामाजिक व सांस्कृतिक घटक’. घरोघरी प्रश्नावली पाठवा. ‘गोळ्या का सोडल्या?’ या प्रश्नाखाली पर्याय द्या: गैरसमज, अंधश्रद्धा, मांत्रिकावर विश्वास, कुटुंबाचा विरोध, विसरभोळेपणा. गोळ्या मिळेनाशा झाल्या, असे कोणी म्हणालेच तर त्याच्यासाठी शेवटी ‘इतर’ आहे. एक ओळ सोडा, पुरे होईल.