स्ट्रासबर्गची गाडी आणि आमचं वाईचं रान

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले दोन आठवडे एकच विषय चाललाय, धोमच्या रस्त्याला लागून आपलं दोन एकर रान आहे ते विकायचं का ठेवायचं. दादा म्हणतो एजंट गुंठ्यावर भाव देतोय, मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट बघायला लोक येतात, पाचगणीला जाताना ढोल्या गणपती करतात, मग आपणच दोन व्हिला का बांधू नयेत. काका म्हणतात, एकदा रान गेलं की गेलं. मी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहते आणि मला जे सांगायचंय ते ग्रुपवर मावत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्याजवळ स्ट्रासबर्ग नावाचं जुनं शेतकरी गाव आहे. तिथली रेल्वे कंपनी १८३२ ची. बंदच पडणार होती, पण १९५८ मध्ये रेल्वेवेड्या लोकांनी मिळून विकत घेतली आणि १९५९ पासून प्रवासी फेऱ्या सुरू केल्या. वाफेचं इंजिन आहे, पॅराडाइज गावापर्यंत जाऊन परत यायला साधारण पाऊण तास लागतो, आणि त्या पाऊण तासात खिडकीतून काय दिसतं तर नुसती शेतं. मका, कुरणं, खेचरांची जोडी लावून नांगरणारे आमिश शेतकरी (आमिश म्हणजे मोटारी टाळून जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ), दोरीवर वाळत घातलेले कपडे. मागच्या वर्षी आई आली होती तेव्हा तिला या गाडीत बसवलं, तर ती इंजिनाकडे बघेचना, सारखी म्हणत होती अगं बांध किती स्वच्छ ठेवलेत बघ. लोक तिकीट काढतात ते इंजिनासाठी हे खरं, पण दोन्ही बाजूंना बंगले असते तर त्या गाडीत दुसऱ्यांदा कोण बसलं असतं?

आणि बंगले, मॉल होऊ शकतात हेही इथेच दिसतं. थोडं उत्तरेला रूट ३० आहे, मोठा हायवे. तिथे १९५५ मध्ये एक जुनं शेतघर लोकांना आमिश राहणी दाखवायला उघडलं, १९६३ मध्ये मुलांचं पार्क आलं, मग आउटलेट मॉल, हॉटेलं, आणि आज त्या शेतघराला खेटून टार्गेट या मोठ्या साखळीचं दुकान आणि त्याचा पार्किंग लॉट आहे. शेती बघायला आलेल्या माणसांच्या सोयीसाठी शेतीच गेली. मला ते बघून दर वेळी वाईट वाटतं, कारण पसरणी घाटाच्या पायथ्याशी हेच चाललंय.

मग बाकीची शेतं वाचली कशी? नुसत्या भावनेवर नाही वाचली, पैसे मोजले म्हणून वाचली. काउंटीने १९८० मध्ये शेतजमीन राखण्यासाठी बोर्ड काढलं आणि १९८८ मध्ये एक खासगी ट्रस्टही उभा राहिला, कारण बरेच आमिश लोक सरकारी पैसा घेत नाहीत. पद्धत अशी की जमीन शेतकऱ्याचीच राहते, त्याच्याकडून विकत घेतला जातो तो फक्त त्यावर प्लॉट पाडायचा, बांधकाम करायचा हक्क. बिल्डर काय देईल आणि शेती म्हणून काय किंमत आहे, यातला फरक धरून मोबदला ठरतो. मुंबई-पुण्याच्या लोकांना टीडीआर माहितीये, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरायची सोय, त्याच्या जवळपासचं, फक्त इथे तो हक्क दुसरीकडे वापरायचा नाही, कायमचा मिटवायचा. पुढे मुलाला द्या, विका, काहीही करा, पण ती अट जमिनीबरोबर जाते, जशी आपल्याकडे सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद राहते. अशी एक लाख एकराहून जास्त जमीन या एका काउंटीत राखली गेलीये.

आपल्याकडे काय होतं? २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, चांगली गोष्ट आहे, पण ते शेतावर खोल्या बांधायला मदत करतं, शेजारचं शेत शेतच राहील याची हमी कोण देणार? माझ्या खोलीच्या खिडकीतून उसाऐवजी शेजाऱ्याचा स्विमिंग पूल दिसला तर पाहुणा येईल कशाला? कुळकायद्याने शेतकरीच शेतजमीन घेऊ शकतो म्हणतात, पण दाखले कसे जुळवतात हे गावात सगळ्यांना माहितीये. आणि तिकडे कोयनेच्या बाजूला शेकडो गावं घेऊन नवीन महाबळेश्वर नावाचं गिरिस्थान आखलंय, त्यावर भांडण फक्त जंगल विरुद्ध रोजगार एवढंच चालतं. भात लावणाऱ्या माणसाला भातच लावत राहण्यासाठी काय मिळणार, हे मला त्या चर्चेत फारसं ऐकू येत नाही.

दादा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातात उसाचं बिल किती महिन्यांनी पडतं ते मला माहितीये, मी डॉलरमध्ये पगार घेऊन त्याला रान राखायला सांगणं बरोबर नाही. राखायचं असेल तर त्याला मोबदला मिळायला हवा आणि तो पर्यटकांकडूनच यायला हवा. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी गाडी टोल, पार्किंग, प्रवेश कर असं काही ना काही भरतेच, त्यातला ठरावीक वाटा वाई, जावळीतल्या शेतकऱ्यांकडून हा बांधकामाचा हक्क घ्यायला का वापरू नये? एका तालुक्यात, रस्त्यालगतच्या पाच-दहा गावांत करून बघा, ज्याची इच्छा असेल त्यानेच यावं, जबरदस्ती नको.

दादाला काल फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, असं कोणी देत असेल तर आत्ता सही करतो, पण एजंट दिवाळीपर्यंतच थांबणार आहे.