बंद स्टेशनला कुलूप नको, शिडी लावा

कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरकडे सलग धावायला लागली १९९८ च्या जानेवारीत. एवढी अलीकडची, त्यामुळे ओसाड स्टेशनं हा विषय आपला नाहीच असं वाटतं. पण कोकणपट्टीवरचं एक बडं बंद स्टेशन मुंबईतच होतं, कुलाबा. बीबीसीआय रेल्वेने (आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज) १८९६ मध्ये तिथे टर्मिनस उभं केलं, १९२८ मध्ये पेशावरकडे जाणारी फ्रंटियर मेल तिथूनच सुरू झाली, आणि ३१ डिसेंबर १९३० ला शेवटची गाडी गेली. त्याच महिन्यात मुंबई सेंट्रल उघडलं होतं. आज त्या जागेवर बधवार पार्क ही रेल्वेची वसाहत आहे. शहरात जागेला भाव, म्हणून स्टेशन पाडलं. आडगावात जागेला भाव नसतो, तिथे ते आपोआप पडतं.

रोहा ते वीर दुहेरी झालं, बाकी आपल्याकडचा बहुतेक मार्ग एकेरीच. अशा मार्गावर क्रॉसिंगचं, म्हणजे समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना वाट देतात ते, स्टेशन सहजासहजी काढता येत नाही. दोन स्टेशनांत १० किलोमीटर आणि गाडीचा वेग ताशी ६० धरला, तर एक गाडी तो सेक्शन १० मिनिटं अडवते. मधलं स्टेशन काढलं की २० मिनिटं, आणि समोरची गाडी तोवर लूपवर (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) ताटकळत. म्हणून इथे रूळ चालू राहतात, ओस पडतात त्या बांधलेल्या जागा: तिकीट खिडकी, क्वार्टर्स, पार्सलची खोली, मालधक्का. मग कुणीतरी चांगल्या हेतूने दाराला कुलूप घालतो. माझ्या मते खरा घात तिथेच होतो. कुलूप चोराला अडवतं, पावसाला नाही, आणि छप्पर गळतंय हे आत जाऊन बघणारंही कुणी उरत नाही.

छप्पर कौलारू असेल तर एक फुटकं कौल म्हणजे तेवढंच भोक असं समजू नका. पाणी रिपेवर, म्हणजे कौल टेकतं त्या आडव्या लाकडी पट्टीवर पडतं, रीप कुजते, ती बसली की वरची ओळच्या ओळ घसरते, आणि पुढच्या पावसात वासा भिजायला लागतो. वाशाचं भिंतीत टेकलेलं टोक सगळ्यात आधी जातं, कारण तिथे वारा लागत नाही. वाळवी भिंतीतून चढते तीही तिथेच पोचते. बाहेरून वासा धडधाकट दिसतो. टोकाला पेचकस टोचून बघा, लोण्यात गेल्यासारखा आत गेला तर तो वासा बदलायचा.

शाकारणीचा, म्हणजे छप्पर नव्याने कौलं लावून नीट करण्याचा, हिशेब करताना उताराचं क्षेत्र मोजा, जमिनीचं नाही. मंगलोरी कौलं १०० चौरस फुटांना साधारण १४० ते १५० लागतात. एकेक सव्वादोन-अडीच किलोचं, म्हणजे तेवढ्याच जागेवर तीनशे ते पावणेचारशे किलो भार. दहा टक्के कौलं जास्तीची आणा. आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती साच्यात. जुन्या आणि नव्या कौलाची खाच एकमेकांत नीट बसत नाही, फट राहते आणि झडीचं पाणी वाऱ्याबरोबर उलटं वर चढून आत येतं. उपाय सोपा आहे. सगळी शाबूत जुनी कौलं गोळा करून एका उतारावर लावा, नवी सगळी दुसऱ्या उतारावर. सरमिसळ करायची नाही. चढणाऱ्याने कौलावर पाय न देता वाशांवर फळी टाकून फिरायचं, नाहीतर दहा कौलं बदलताना पंधरा फुटतात. पन्हळ असेल तर ती पावसाआधी एकदा साफ करून भागत नाही, पाऊस लागल्यावर श्रावणात पुन्हा करा.

स्लॅबचं दुखणं वेगळं. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरतं, आतली सळई गंजते, गंज सळईपेक्षा जास्त जागा घेतो आणि खालचा पापुद्रा फुगून पडतो. त्यावर सिमेंट थापून रंग मारणं ही निव्वळ फसवणूक, दोन पावसांत तोच तुकडा पुन्हा खाली. सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडायला हवं, सळई घासून चकचकीत करायला हवी, गंजरोधक लेप द्यायला हवा आणि मगच पॉलिमर मॉर्टर भरायचं. सळई बरीच खाल्लेली असेल तर शेजारी नवी बांधा.

जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला दगड, ओल पितो आणि ती बाहेरही टाकतो. सिमेंट ती आत कोंडतं आणि गिलावा पोकळ वाजायला लागतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू पुरे. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळाबरोबर चिरे येतात. खोड कापा आणि ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा. उशीर केला तर काप सुकतो, औषध आत जात नाही.

जुन्या मालधक्क्यावर सिमेंटचे पत्रे असतील तर ते अॅस्बेस्टॉसचे, म्हणजे फुप्फुसाला घातक तंतूंचे, असू शकतात. ते फोडू, कापू, घासू नका. ओले करून अख्खे उतरवा.

रूळ काढलेल्या साइडिंगची (डबे उभे करायच्या बाजूच्या मार्गाची) एक गंमत, म्हणजे गंमत कसली. रूळ गेले की त्यांची देखभाल करणारा ट्रॅकमन जातो, आणि कटिंगच्या, म्हणजे मार्गासाठी कापलेल्या डोंगराच्या, पायथ्याचा चर उपसणारं कुणी राहत नाही. चर बुजला की डोंगराचं पाणी सरळ फलाटाच्या पायात.

पडीक रूळ, ते जोडणाऱ्या फिशप्लेट कुणाचेच नाहीत असं समजू नका. मीटरला ५२ किलो भरणाऱ्या जातीचा १३ मीटरचा एक रूळ ६७६ किलो भरतो, भंगाराचा मोह होतोच. पण १९६६ च्या रेल्वे मालमत्ता कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

जागाही रेल्वेचीच. वाचनालय, बचत गटाचं गोदाम, काहीही करायचं तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन रत्नागिरी किंवा कारवारच्या विभागीय कार्यालयात लेखी परवानगी मागा. वापर काय, दुरुस्ती कोण करणार, वीजबिल कोण भरणार हे अर्जातच लिहा. आणि नावात ‘रोड’ असलेलं, म्हणजे गावापासून लांबचं, स्टेशन असेल तर गावापासूनचं अंतर आधी बघा, संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळत नाही अशा ठिकाणी वाचनालय चालत नाही, गोदाम चालतं. अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका, फायली फिरायला वेळ लागतो. शाकारणी मेमध्येच व्हायला हवी आणि शाकारणारे गडी तेव्हा सगळ्या गावालाच हवे असतात.