अंधारीत किंचाळू नका हो!

दर वेळी तेच. देवगिरी किल्ल्याच्या (म्हणजे दौलताबादच्या) अंधारीत, त्या काळोख्या भुयारी वाटेत शिरलं की मागून कुणीतरी जीव खाऊन किंचाळतं, मग अख्खा घोळका सुरू. अरे, पायाखाली उंच, वेड्यावाकड्या दगडी पायऱ्या आहेत, डोक्यावर वटवाघळं. पुढं कुणाची तरी आजी भिंत चाचपत चढतेय, कुणाच्या कडेवर लेकरू आहे. ते दचकून रडायला लागतं, आजीचा पाय अडखळतो, आणि हे खिदळतात! संताप होतो नुसता.

शत्रू भांबावून जावा म्हणून डोंगर पोखरून केलेली वाट आहे ही. भोवतीचा कडा तासून उभा केलेला, खाली खंदक. यादवांची राजधानी होती देवगिरी. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली. एवढा खडक छिन्नी-हातोड्यानं कोरणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, आणि आपले पोट्टे किल्लीनं त्याच भिंतीवर स्वतःचं नाव अन् बदाम कोरतात.

अंधारीतून वर आलं की पुन्हा पायऱ्याच. वरच्या बारादरी महालापर्यंतची चढण छातीवर येते. तिथंही रील काढायला पायरीभर आडवे उभे. ‘दादा, जरा सरका’ म्हटलं तर आपल्यालाच डोळे वटारतात. रिकाम्या बाटल्या तर सरळ कड्यावरून खाली.

मोबाइलचा उजेड पायरीवर धरा, मागच्या म्हाताऱ्या माणसाला हात द्या, आणि तेवढी वाट तोंड बंद ठेवून चढा.